बिसखोपड्याचा खुराक

आमच्या पत्रकातलं पहिलं वाक्य माझं होतं. ‘पाल विषारी नसते, आणि बिसखोपडा ही पालच आहे.’ ते मी इतक्या तावातावाने लिहिलं की सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलमधून लेखणीचं टोक आरपार गेलं, आणि प्रत्येक प्रतीवर त्या ओळीखाली शाईचा एक गोळा उमटला. वाचणाऱ्याला वाटायचं, मुद्दाम छापलाय.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं ती. वर्ध्याला कॉलेजात शिकणारे आम्ही आठ जण. मंडळ म्हणा, टोळकं म्हणा. कावीळ माळेने उतरत नाही, अंगात येणं हा आजार आहे, ग्रहणात बाळंतिणीला कोंडू नका, अशी पत्रकं काढायची आणि सायकलवर नाहीतर एसटीने गावोगाव वाटायची. सगळ्यात जास्त भांडण व्हायचं ते बिसखोपड्यावरून. वीतभर लांबीचं जनावर. पिवळट अंगावर काळे पट्टे, गुबगुबीत शेपूट, आणि घरातल्या पालीला नसतात तशा पापण्या. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दगडाखाली राहतं, अंधार पडला की किडे खायला निघतं. त्याच्या तोंडात विष नाही, विषाची पिशवी नाही, काही नाही. पण लोक काय सांगत? याची फुंकर लागली की माणूस पाणीही मागत नाही. असलं ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

कारंज्याकडच्या एका गावात आम्ही पत्रकं वाटायला गेलो होतो. सोबतचे दोघे शाळेत बसले, मी एकटी शेताकडे निघाले. कपाशीत निंदण चाललं होतं, पण एकही बाई निंदत नव्हती. सगळ्या धुऱ्यावर गोळा झाल्या होत्या. मध्ये एक टोपलं पालथं, त्यावर दगड. बाजूला एक पोरगी मातीत बसलेली, वीसेक वर्षांची, हातपाय गार पडलेले. तिने दगड उचलला तर त्याखालून निघालेला बिसखोपडा तिच्या पावलावरून गेला होता. चावलासुद्धा नव्हता! नुसता पावलावरून गेला होता. आणि जवळच पळसाच्या सावलीत तिचं तीन महिन्यांचं लेकरू तिच्या सासूच्या मांडीवर रडत होतं, भुकेलं.

“त्याले पाजत काऊन नाही?” मी विचारलं.

“इख उतरते दुधात,” सासू म्हणाली. “सव्वा महिना पाजाचं नाई. बकरीचं दूध देऊ, कापसाच्या वातीनं.”

“आणि ते जनावर टोपल्याखाली कशाला ठेवलं?”

“मारलं त इख चढते. थे जितं आहे तवालोक इख निजून राह्यते. मेलं की उठते.”

मी त्या बायकांना पत्रकातलं सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं. म्हणून मी टोपलं उचललं आणि बिसखोपडा हातात घेतला. बायका किंचाळून मागे सरल्या. त्याने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. बारीक दातांची नक्षी उमटली, रक्तही धड आलं नाही. मी बोट सगळ्यांना दाखवलं. “पाहा! चावला. मेले का मी?”

“आज नाई मरत,” सासू शांतपणे म्हणाली. “सव्वा महिना जाऊ दे, मंग बोलजो.”

लेकरू रडतच होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्याची आई त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चोळीचा पुढचा भाग दुधाने ओला झाला होता. ते मला बघवेना. मी म्हणाले, “मावशी, हे टोपल्याखाली उन्हाने संध्याकाळपर्यंत मरेल. मग काय कराल? माझ्याकडे द्या. सव्वा महिना जिवंत ठेवीन. तोवर सुनेला पाजू द्या.”

सासूने मला नीट न्याहाळलं. माझी झोळी, माझ्या चपला, माझं बोट. मग म्हणाली, “दर बाजाराले कारंज्याले आणून दाखवजो. मी येईन पाह्याले. मेलं त सांगजो. लपवू नोको.”

“नाही लपवणार.”

लेकरू सुनेच्या मांडीवर गेलं. मी जिंकले असं मला वाटलं.

एसटीत सोबतच्या दोघांपैकी एकाने मला भानावर आणलं. “तू काय कबूल करून आलीस, समजलं का तुला? जनावर जिवंत तोवर बाईला धोका नाही, असंच ना? म्हणजे ते मेलं तर धोका आहे. पत्रक लिहिणारीनेच सही करून दिली!”

मी म्हणाले, “लेकरू दूध पितं आहे ना?”

“सव्वा महिना. आणि मेलं तर?”

मांडीवर गावातून मागून आणलेल्या लोणच्याच्या बरणीत बिसखोपडा पोट टेकून बसला होता. बरणीच्या तोंडाला कापड बांधलं होतं. त्याने एकदा पापणी मिटली, उघडली. मी बरणीवर ओढणी धरून ऊन अडवलं.

आमचं घर वर्ध्याला लागून, पिपरी मेघेला. आजूबाजूला अर्धे प्लॉट मोकळे, गवत माजलेलं. वडील शेतावर राहायचे, गावी. इथे आई आणि मी. आईने बरणी पाहिली आणि पदर तोंडाला लावला. “बाप्पा! घरात आणलं हे?” मग चार दिवसांनी तीच विचारायला लागली, “खाल्लं काय त्यानं?”

नव्हतं खाल्लं. आणि का खाईल? सांगायला लाज वाटते. मी, पालीवर पत्रक काढणारी, त्याला शिजवलेला भात दिला. झाकणात दूध दिलं. मग माशा मारून पुढ्यात टाकल्या. पालीला विष नसतं हे मला पाठ होतं. पाल काय खाते, किती खाते, कसं खाते, याचा एक शब्द माझ्या पत्रकात नव्हता. जे जनावर लोकांनी मारू नये म्हणून मी घसा फोडत होते, ते जगतं कशावर हे मला माहीत नव्हतं.

आंब्याच्या पेटीला जाळी ठोकून त्याचं घर केलं होतं. आत माती, एक खापर, बाटलीच्या झाकणात पाणी. रोज पहाटे उठले की पहिली त्या पेटीकडे जायची. खापर उचलायचं. हलला की खापर परत ठेवायचं. नाही हलला की काडीने ढोसायचं. बिचाऱ्याला माझ्यामुळे झोप मिळत नसेल.

पहिल्या बाजाराला तो पुरेसा जिवंत दिसला. दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. शेपटी, जिथे त्याची चरबी साठते, बारीक झाली होती. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे प्राध्यापकांपेक्षा कामाचा माणूस म्हणजे परिचर काका. चिरफाडीचे बेडूक पकडून आणणं आणि परीक्षेपर्यंत जगवणं हे त्यांचं काम. बेडकांसाठी ते मातीच्या माठात झुरळं आणि रातकिडे पाळायचे.

“भात देल्ला?” काका म्हणाले. “लग्नाले आलता काय थो?”

“काका, चेष्टा नका करू. मरेल तो.”

“मरनच. जे हालत नाई थे त्याच्यासाठी दगड आहे. किडा हालला पाह्यजे. आन् किती मोठा किडा देतं? त्याच्या दोन डोळ्याच्या मधात जेवढी जागा आहे, तेवढाच जाड. जास्त नाई.”

मी वही काढली. काका हसले, पण सांगत गेले. मुंगळे नको, तेच त्याला चावतील. केसाळ सुरवंट नको, घसा सुजेल. वास मारणारे ढेकूण नको. काजवा तर अजिबात नको. नाकतोडा चांगला, पण मागच्या तंगड्यांना काटे असतात, त्या तोडून द्यायच्या. रातकिडा सगळ्यात उत्तम. अंग मऊ, पाय बारीक, आणि फडफडतो म्हणून नजरेला पडतो.

“आन् मुद्द्याची गोष्ट तं तू विचारलीच नाई,” काका म्हणाले.

“कोणती?”

“किड्याले तू काय खाऊ घालतं?”

“किड्याला?”

“मंग? उपाशी रातकिडा म्हंजे रिकामा डबा. डबा खाऊन पोट भरते काय? किडा धरला की एक दिवस त्याले पोटभर खाऊ दे. मेथी, गाजर, ज्वारीचं पीठ. मंग थो दे. त्याच्या पोटातलं याच्या पोटात जाते.”

हाडांसाठी अंड्याचं टरफल वाटून त्या भुकटीत किडा घोळवून द्यायचा, हेही काकांनीच सांगितलं. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. शेजारी हॉस्पिटलात काम करणाऱ्या नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडून टरफलं आणली. आईने ती वेगळ्या खलबत्त्यात कुटून दिली आणि वर सुनावलं, “तुया बापाले सांगू नोको. माह्या हातानं अंडं कुटवलं तू.”

दुसऱ्या बाजाराला सासूने बरणी उन्हात धरली. भेटायची जागा ठरलेली होती, हमरस्त्यावरच्या एका ढाब्याचं बाकडं. मागे ट्रक धुणं चालायचं. ती जनावराकडे ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने आमच्या परीक्षकांनी कधी पेपर तपासला नसेल.

“शेपटी वायली याची.”

“खातो आता. कालपासून रातकिडे खायला लागला.”

“कालपासून? मंग आठ दिवस काय उपास केला यानं?” तिने बरणी माझ्या हातात ठेवली. “पाह्य बाई. तुयाच्यानं होत नसंन त आताच सांग.”

सोबत सून होती. लेकरू तिच्या खांद्यावर झोपलं होतं, गालावर बाळसं आलेलं. मी त्या गालाकडे आणि त्या शेपटीकडे आळीपाळीने बघत होते. काय संबंध होता दोन्हीचा? काहीही नाही! आणि तरी आता माझ्यासाठी एकाचं वजन दुसऱ्यावर टांगलं गेलं होतं. हे मी होऊ दिलं होतं.

मग मी किड्यांच्या मागे लागले. कॉलेजला जायच्या आधी मोकळ्या प्लॉटवर वाकून नाकतोडे. संध्याकाळी न्हाणीच्या मोरीपाशी, रांजणाखाली, विटांच्या ढिगात रातकिडे. कॉलनीतल्या बाया कुंपणावरून विचारायच्या, “काय हरवलं वो?” मी सांगायचे, “रातकिडा.” त्या आत निघून जायच्या. पत्रकवाली पोरगी अखेर वेडी झाली हे त्यांना पटलेलं असणार.

तेलाच्या डब्यात गवत घालून मी रातकिड्यांची खाणावळ काढली. मेथीची पानं, गाजराचा कीस, चिमूटभर पीठ. काही मरायचे, मेलेला एकही द्यायचा नाही असा माझा नियम. अंधार पडायच्या बेताला बिसखोपडा खापराखालून डोकं बाहेर काढायचा. मी पांढरी भुकटी माखलेला रातकिडा आत सोडायचे. तो थांबायचा, शेपटीचं टोक थरथरवायचा आणि एकदम झेप घ्यायचा. कडकन आवाज यायचा. तो आवाज ऐकला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “धरला काय?” आणि मी म्हणायचे, “धरला.”

तेवढ्याने शेपटी भरेना. काका म्हणाले, उकिरड्यात पांढऱ्या जाड अळ्या असतात, चरबीच्या. “पण हप्त्यात दोनच. थे पेढे आहे. पेढ्यावर लेकरू वाढते काय?” मी दोनच दिल्या. तिसरी द्यावीशी फार वाटली. तिसऱ्या बाजाराला शेपूट बोटाएवढं भरलं होतं. सासूने बरणी फिरवून फिरवून पाहिली आणि ढाब्यावरून माझ्यासाठी चहा मागवला. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा दुसरं काही बोलली. तिचं दूध आटलं आणि तिची दोन लेकरं, सुनेच्या नवऱ्याच्या आधीची, गेली होती. बकरीच्या दुधाने. “वातीनं पाजलं तं जगत नाई सारे,” ती म्हणाली. “मले माहीत नाई काय?”

जिला माहीत होतं तीच सुनेचं लेकरू वातीवर ठेवायला निघाली होती. मी झोळीतून पत्रक काढून तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्याची घडी केली आणि तंबाखू बांधली.

चौथ्या आठवड्यात आमच्या वस्तीत मलेरियाची फवारणी आली. लोक फवारणीवाल्यांना घरात घेत नसत. भिंती पांढऱ्या होतात, वास येतो, देवघर बाटतं. मी त्यावरही पत्रक काढलं होतं. दारोदार फिरून भांडले होते, आणि आधी आमचंच घर फवारून घेतलं. काळजी घेतली, नाही असं नाही. पेटी दोन दिवस नर्सबाईंच्या व्हरांड्यात ठेवली. रातकिड्यांचा डबाही नेला, पण त्यात चारच उरले होते, ते संपले. आणि नेमकं त्याच आठवड्यात दसऱ्याची साफसफाई म्हणून लोकांनी मोकळ्या प्लॉटवरचं गवत कापून पेटवून दिलं. नाकतोडे गेले. बाजार परवावर आलेला. शेपटी पुन्हा बारीक दिसायला लागली होती, निदान मला तरी. ‘तुयाच्यानं होत नसंन त आताच सांग’ हे सासूचं वाक्य कानात वाजत होतं.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यामागून झुरळं निघत होती. एक, दोन, पाच. हळू चालत होती, हाताने उचलता यावीत इतकी. एरवी झुरळ पकडायला मला अर्धा तास लागायचा. मी डबा आणला.

आई दारात उभी होती. “दिवसाउजेडी काऊन फिरून राह्यले हे? झुरळ दिवसा फिरते काय?”

“फवाऱ्यानं घर सोडून राह्यले.”

“मंग थे औषध त्याइच्या पोटात नसंन गेलं?”

“आई, मेलेले मी घेतच नाही. हे जिवंत आहे. औषध लागलं असतं तर मेले नसते का?”

आई दारातून बाजूला झाली. ती चौथी शिकलेली आणि मी विज्ञानाची पदवी घेऊ पाहणारी. मी बारीक बारीक पाच झुरळं निवडली. दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, नियमाप्रमाणे. पीठ आणि मेथी खायला घालायला वेळ नव्हता. भुकटीत घोळवून संध्याकाळी दिली. ती पळत नव्हती म्हणून त्याला झेपही घ्यावी लागली नाही. पाचही खाल्ली. मी आईला ओरडून सांगितलं, “पाच धरली!”

चौथ्या बाजाराला एसटीत मी बरणीकडे पाहिलं तर त्याचं डोकं हलत होतं. बारीक, सारखं. आधी वाटलं, गाडी हलते आहे. आर्वीला गाडी थांबली. डोकं हलतच होतं.

“कापून राह्यला काऊन?” सासूने विचारलं.

“हिव पडलं ना,” सून पटकन म्हणाली, माझ्या आधी.

सासूने सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “फडक्यात गुंडाळून नेजो,” ती म्हणाली.

परत येताना मी उतरले ती सरळ प्रयोगशाळेत. काकांनी त्याला तळहातावर घेतलं. तो एका बाजूला कलला, तोंड उघडं, पाय ताठ.

“काय चारलं?”

मी सांगितलं.

“घरात फवारा झालता?”

“हो. पण काका, जिवंत होती ती. मी मेलेली एकही—”

“मरणारं जितंच असते पोरी, मरेलोक,” काका म्हणाले. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. “जे धराले सोपं गेलं, थे धराचंच नोतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. मी पापणीवर फुंकर मारली, ती मिटली नाही. काकांनी त्याला स्पिरिटच्या बाटलीत घातलं आणि ती माझ्या हातात दिली. “दाखवाले लागन तुले,” म्हणाले. “खरं बोलाचं असंन त.”

पुढचा बाजार सहा दिवसांवर होता.

मेलं त सांगजो, लपवू नोको. मी हो म्हटलं होतं. त्याच दिवशी एसटीत बसून गावी जाता आलं असतं. पण सांगितलं तर काय होईल ते दिसत होतं. लेकरू मांडीवरून उचललं जाईल. वात, पाणी घातलेलं दूध. आणि मी सांगणार काय? की जनावर माझ्या हाताने मेलं, माझ्या पत्रकातल्या फवाऱ्याने, आणि तरी घाबरू नका? मी गेले नाही. रोज सकाळी ठरवलं, रोज गेले नाही. न जाऊन मी सहा दिवसांचं दूध त्या लेकराला मिळवून दिलं असं एसटीतल्या त्या सोबत्याला सांगितलं. तो म्हणाला, “आणि बाईला विचारलंस का?” नव्हतं विचारलं. तिच्या अंगावर तिला न सांगता मी प्रयोग करत होते. जे मांत्रिक करतात म्हणून आम्ही पत्रक काढतो, ते याहून किती वेगळं असतं?

आणखी एक सांगते, कारण ते न सांगता हे लिहिण्यात अर्थ नाही. त्या सहा दिवसांत मी माझं बोट पाहायचे. चावल्याचा डाग केव्हाच गेला होता. तरी पाहायचे. एकदा हात धुताना ते बोट सुन्न वाटलं आणि मी भिंत धरून खाली बसले. मला पूर्ण माहीत होतं की काही नाही. तरी बसले.

पाचव्या बाजाराला मी स्पिरिटची बाटली झोळीत तळाशी ठेवली, वर पत्रकं. लोणच्याची बरणी रिकामीच हातात. दोन-अडीच तासांच्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच भीती होती: त्या दोघीच आल्या, लेकराशिवाय, तर? किंवा एकटी सासूच आली तर?

ढाब्यापाशी दोघी उभ्या होत्या. सुनेच्या खांद्यावर लेकरू. मी ट्रकमागून धावतच गेले.

सासूने बरणी पाहिली. “कुठी आहे थे?”

“मेलं, मावशी. मागच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या चुकीने मेलं. मी तुम्हाला सांगायला यायला पाहिजे होतं, आले नाही.”

सुनेचा हात लेकराच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्या क्षणी मला माझं एकही वाक्य आठवेना, शाईच्या गोळ्यावरचं पहिलंसुद्धा.

सासूने बोटांवर मोजलं. “सहा दिवस.”

“हो.”

“आन् हे पाजूनच राह्यली.”

“हो. म्हणूनच सांगते मावशी, बघा, काही झालं नाही, विष असतं तर—”

“थांब वो माय.” तिने तळहात उभा केला. सुनेकडून लेकरू घेतलं. त्याचा डोळा खाली ओढून पाहिला, जीभ पाहिली, पोट दाबलं, मांडीला चिमटा काढला. लेकरू भोंगा काढून रडलं. मग तिने सुनेची हनुवटी धरून तिचाही डोळा पाहिला. बराच वेळ. मागे कोणीतरी ट्रकच्या चाकावर बादलीने पाणी मारत होतं.

“मेलं नाई थे,” ती म्हणाली.

“मावशी, मेलं. मी स्वतः पाहिलं.”

“तुले काय समजते जनावराचं? हिव पडलं की थे निजते. निजलं असंन. तू म्हणतं, मेलं. मेलं असतं त हे उभी असती काय इथं?”

माझा हात झोळीत गेला. पत्रकांच्या खाली काच लागली. बाहेर काढायचा अवकाश. पाहा, हे मेलेलं, आणि ही जिवंत. याहून मोठा पुरावा मला आयुष्यात कधी मिळणार नव्हता.

सून माझ्या हाताकडे बघत होती. झोळीत काय आहे ते तिला कळलं असावं. तिने मान अगदी थोडी हलवली. “निजलंच असंन ताई,” ती म्हणाली. ती माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलत होती. “सव्वा महिना होतच आला आता.”

मी हात बाहेर काढला. रिकामा.

“असेल,” मी म्हणाले. “निजलं असेल.”

हे मी म्हणाले. कोणाच्या दबावाने नाही.

“मंग त्याले धुऱ्यावर नेऊन सोडजो,” सासू म्हणाली. “कायले डब्यात कोंडून ठेवतं? त्याचंही घर आहे.” लेकरू रडायचं थांबत नव्हतं. तिने ते सुनेकडे दिलं. “घे, पाज. कवाचं भोकायून राह्यलं.”

सून बाकड्यावर बसली आणि पदर पुढे ओढला. ढाब्यावरची माणसं बघत होती. सासू रस्त्याच्या बाजूने पातळाचा पदर पसरून उभी राहिली आणि मान वळवून माझ्यावर खेकसली, “उभी काऊन आहे खांबासारखी? त्या अंगानं आडोसा कर.”

मी ओढणी पसरून ट्रकांच्या बाजूने उभी राहिले. लेकरू गप्प झालं.